झाड गप मरत नाही : मर रोगावर वाचकांचे प्रश्न

या खेपेला पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळीकडून एकच रड, मर. टोमॅटोची मर, हरभऱ्याची मर, उसाची मर. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आणि हे एकत्र घेतले. नावं छापत नाही, तालुका तेवढा दिलाय.

प्रश्न (शिरोळ) : नमस्कार ताई. टोमॅटोचा प्लॉट आहे, मल्चिंग पेपर आणि ड्रिपवर. फळं फुगायच्या टायमालाच झाडं माना टाकायला लागली. दुपारी सुकतात, संध्याकाळी जरा उठतात आणि आठवडाभरात पार वाळतात. खालची पानं एकाच बाजूनं पिवळी पडली. खोड चिरलं तर आत तपकिरी रेघ. दुकानदारानं दिलेलं बुरशीनाशक ड्रिपमधून सोडलं, काडीचा फरक नाही. बुरशी लागल्यावर झाड स्वतः काहीच करत नाही का?

उत्तर : दादा, करतं, लई करतं, आणि गंमत अशी की तुम्हाला जे सुकणं दिसतंय त्यातला बराचसा भाग झाडाच्या स्वतःच्या लढाईचाच आहे. हे नीट समजून घ्या म्हणजे औषध का चाललं नाही तेही कळेल.

तुम्ही सांगितलेली लक्षणं फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीची आहेत. ती मातीत जाड सालीचे बीजाणू करून वर्षानुवर्षं पडून राहते, पीक नसलं तरी. शेजारी टोमॅटोची मुळी आली की मुळीतून झिरपणाऱ्या रसानं बीजाणू जागा होतो आणि मुळीच्या कोवळ्या टोकातून, नाहीतर जिथं बारीक मुळी फुटताना साल फाटते तिथून, नाहीतर सूत्रकृमीनं (मुळं पोखरणारे मातीतले बारीक कृमी) केलेल्या जखमेतून आत घुसतो. इथं झाडाची पहिली फळी असते. टोमॅटोच्या पेशीत टोमॅटीन नावाचं कडू रसायन आधीपासूनच भरलेलं असतं, ते बुरशीच्या पेशीपटलाला भोकं पाडतं (या बुरशीकडं टोमॅटीन तोडणारं एन्झाइम आहे, ती काय मोकळ्या हातानं येत नाही). दुसरं, बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, झाडात ते नसतं, त्यामुळं कायटिनचे तुकडे दिसले की मुळीच्या पेशीवरचे रिसेप्टर लगेच ओळखतात की परकं कोणीतरी आलंय, आणि काही मिनिटांत आत धावपळ सुरू होते, पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते, जिथं बुरशी टोचतीय तिथं आतून कॅलोजचा (भोक बुजवणारा लेप समजा) थर चढवते, कायटिन कापणारी एन्झाइमं तयार करते, भिंतीत लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) भरून ती कडक करते. बहुतेक बुरशी इथंच अडकते. तुमच्या रानात आत्तासुद्धा फ्युजेरियमच्या अशा कितीतरी जाती असतील ज्या मुळीच्या सालीपर्यंत येतात आणि तिथंच राहतात, झाडाला कळतही नाही. आणि जी मर लावते तीही ठरावीक पिकापुरतीच असते, टोमॅटोची मर हरभऱ्याला लागत नाही.

पण त्यातली एखादी आत पोचली, म्हणजे जलवाहिन्यांपर्यंत, की खेळ बदलतो. जलवाहिन्या म्हणजे मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या, मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी नेणाऱ्या. मेलेली पेशी काही लढू शकत नाही. बुरशी तिथं बारीक बीजाणू सोडते आणि ते पाण्याबरोबर आयते वर जातात, जिथं नळीचा जोड लागतो तिथं अडकतात, रुजतात, पलीकडं जाऊन परत बीजाणू सोडतात. मग झाड काय करतं, नळीच्या शेजारच्या ज्या जिवंत पेशी असतात त्या नळीच्या भिंतीतल्या भोकातून आत फुगून येतात आणि नळी बुजवून टाकतात. याला टायलोज म्हणतात. सोबत चिकट जेल सोडतात, फेनॉलची रसायनं सोडतात, ही रसायनं खोडाच्या आतच ऑक्सिडाइझ होऊन काळवंडतात आणि तुम्हाला खोड चिरल्यावर दिसली ती तपकिरी रेघ बरीचशी त्यांचीच आहे.

आता मुद्दा येतो वेळेचा. आपल्याकडं नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, त्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) कधी घालायचे आणि कधी काढायचे यावर सगळं असतं, इथंही तेच. प्रतिकारक जातीत बुरशी शिरल्यावर दोन-तीन दिवसांत खालच्या खाली, मुळाजवळच मोजक्या नळ्या बंद होतात, बुरशी तिथं कोंडली जाते, बाकीच्या नळ्यांतून पाणी चालू राहतं आणि वरून बघणाऱ्याला काही झालंय हे कळतसुद्धा नाही. बळी पडणाऱ्या जातीतही झाड नळ्या बंद करतंच, पण उशिरा. तोवर बीजाणू पुढं गेलेले असतात, मग झाड त्यांच्या मागं मागं वरपर्यंत नळ्या बुजवत जातं आणि शेवटी स्वतःचंच पाणी तोडतं. वर बुरशीच्या धाग्यांचा गुंता आणि तिची विषारी द्रव्यं आहेतच, सगळा दोष काय झाडाला द्यायचा नाही. दुपारी उन्हात पाण्याची मागणी वाढते, उरलेल्या नळ्यांना ती झेपत नाही म्हणून माना टाकतात, रात्री मागणी कमी म्हणून उठतात. आणि ज्या बाजूच्या नळ्या बुजल्या त्याच बाजूची पानं पिवळी.

म्हणून औषध चाललं नाही. आंतरप्रवाही औषध झालं तरी ते याच नळ्यांतून वर जायचं ना, त्या तर बुजल्यात, आणि बुजलेली नळी उघडणारं औषध बाजारात नाही, कोण देतो म्हणाला तर पावती मागा. सुकलेली झाडं मुळासकट, मातीसकट उपटून पिशवीत घालून रानाबाहेर न्या, जाळा. ओढ्यात किंवा पाटात टाकू नका, लोक सर्रास टाकतात आणि खालच्या माणसाच्या रानात मर पाठवतात. उकिरड्यातही नको. पुढची काही वर्षं त्या तुकड्यात टोमॅटो घेऊ नका, आणि घ्यायचाच झाला तर रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं घ्या, मुळी वांग्याची असली की टोमॅटोच्या या बुरशीला आत शिरायला दारच मिळत नाही.

एक टेस्ट मात्र करा. सुकायला लागलेल्या झाडाच्या बुडाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लोंबता धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरली तर ती बुरशी नाही, जिवाणूची मर आहे, आणि मग बुरशीनाशकाचे पैसे तसेही पाण्यात. जिवाणूच्या मरेत झाड बहुधा हिरवंच्या हिरवं सुकतं, पिवळं पडायला सवड मिळत नाही.

प्रश्न (कागल) : ताई, सोयाबीननंतर हरभरा करतो. मर दरसाल असतेच. मी असं म्हणतो की मर लागलेल्या रानात जी झाडं शेवटपर्यंत टिकली त्यांचंच बी बाजूला ठेवून पुढच्या साली पेरलं तर? दोन-चार वर्षांत आपलीच प्रतिकारक जात तयार होईल ना?

उत्तर : भाऊ, डोकं भारी लावलंय. अमेरिकेत कापसाच्या मरेवर ऑर्टन नावाच्या शास्त्रज्ञानं १८९९ च्या सुमाराला नेमकं हेच केलं, मर लागून ओसाड पडलेल्या शेतात जी झाडं उभी राहिली त्यांचं बी घेऊन परत मरेच्याच रानात पेरलं, परत निवडलं, आणि त्यातून मरेला टिकणारा कापूस निघाला. आजही हैदराबादजवळच्या इक्रिसॅटसारख्या संशोधन संस्थेत मुद्दाम बुरशीनं भरलेलं रान तयार ठेवतात आणि हरभऱ्याचे हजारो वाण त्यात पेरून कोण जगतंय ते बघतात. तत्त्व तेच.

पण तुमच्या रानात दोन अडचणी येतात. एक, वाचलेलं प्रत्येक झाड प्रतिकारक असतंच असं नाही, बुरशी रानात सगळीकडं सारखी पसरलेली नसते त्यामुळं एखादं झाड नुसतं नशिबानं वाचतं आणि त्याची पोरं पुढच्या साली मरतात. दुसरी अडचण जरा खोलातली आहे. हरभऱ्यात एक जनुक असला तर मर टळत नाही, नुसती लांबते, झाड लवकर मरायच्या ऐवजी उशिरा मरतं. इक्रिसॅटमध्ये बुरशीच्या एका प्रकाराबाबत (याला रेस म्हणतात) असं दिसलं की तीन जनुकांपैकी कुठलेही दोन एकत्र आले तरच झाड पूर्ण टिकतं. म्हणजे तुम्ही निवडलेलं झाड 'उशिरा मरणारं' असू शकतं, घाटे भरलेले दिसतात म्हणून तुम्हाला वाटतं की टिकलं. त्यात ही बुरशी बियातूनही जाते, म्हणजे वाचलेल्या झाडाच्या बियाबरोबर ती स्वच्छ रानातही जाऊ शकते.

करायचं असेल तर बांधाकडेला एक वाफा करून करा, झाडागणिक बी वेगळं ठेवा, हौस म्हणून. सगळं रान त्यावर टाकू नका. पेरायला राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या विजय, दिग्विजय आहेत, मर सहन करतात म्हणूनच त्या आपल्याकडं टिकल्यात. आणि 'प्रतिकारक जात घेतली तरी मेली' अशी बोंब असते त्याचं उत्तरही इथंच आहे. झाड बुरशीला ओळखतं ते तिच्या एखाद्या प्रथिनावरून, एका जनुकाला एक खूण दिसते. बुरशीनं ती खूण बदलली किंवा टाकून दिली की झाडाला ती दिसत नाही आणि नवी रेस तयार होते. हरभऱ्याच्या मरेच्या आठ रेस माहीत आहेत, एका जातीनं सगळ्यांना तोंड द्यावं ही अपेक्षा जरा जास्तच.

अजून एक, मरतंय ते मरेनंच मरतंय का ते बघा. झाड उपटा. मूळ बाहेरून धडधाकट, उभं चिरलं तर आत काळसर तपकिरी रेघ, ही मर. मूळ ठिसूळ, बारीक मुळ्या गळून गेलेल्या, उपटताना तुटतंय आणि झाड गवतासारखं पिवळट वाळलंय, ती कोरडी मूळकूज, ती फुलोऱ्यानंतर ऊन आणि पाण्याचा ताण पडला की येते आणि तिची बुरशी वेगळीच आहे. मरेला टिकणारी जात तिच्यापुढं टिकेलच असं नाही. आपल्याकडं दोन्हीला मरच म्हणतात आणि बियाणेवाल्याला शिव्या घालतात. पेरणी जमीन तापलेली असताना करू नका, जरा थंडावा येऊ द्या. फेरपालट करा पण एक-दोन वर्षांच्या फेरपालटावर विसंबू नका, हरभरा नसला तरी ही बुरशी मातीत सहा वर्षं जिवंत राहिल्याची नोंद आहे.

प्रश्न (हातकणंगले) : ट्रायकोडर्मा म्हणजे पिकाला लस दिल्यासारखं असतं असं कंपनीचा माणूस म्हणाला. खरंय का? आणि बुरशीनाशकात मिसळून दिलं तर डबल काम होईल का?

उत्तर : दुसऱ्याचं आधी सांगते, नाही. ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे. कार्बेन्डाझिमच्या किंवा कॉपरच्या टाकीत ओतलात तर डबल काम होतं हे खरं, पण दुसरं काम ट्रायकोडर्मा मारायचं. बीजप्रक्रियेत दोन्ही करायचं असेल तर आधी रासायनिक औषध, ते पूर्ण सुकू द्यायचं, मग ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम, आणि शेवटी रायझोबियम (कडधान्याला नत्र मिळवून देणारे जिवाणू).

लसीचं म्हणाल तर अर्धं खरं. झाडाला आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात, रक्तातून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नसतात, प्रत्येक पेशीला आपापलं बघावं लागतं. पण एका जागी काही घडलं की बाकीच्या झाडाला खबर जाते हे नक्की. १९६१ मध्ये रॉस नावाच्या शास्त्रज्ञानं तंबाखूवर दाखवलं की खालच्या पानांना विषाणूची लागण केली तर वरच्या, कधी न लागण झालेल्या पानांचाही प्रतिकार वाढतो. मुळाशी ट्रायकोडर्मा किंवा स्युडोमोनास (हा उपयोगी जिवाणू) बसले की असंच काहीसं होतं. झाड लगेच लढायला लागत नाही, पण तयारीत राहतं, आणि खरा शत्रू आला की कॅलोज, एन्झाइम, लिग्निन सगळं लवकर चालू करतं. वर शिरोळच्या दादांना सांगितलं ना की सगळा खेळ वेळेचा आहे, ट्रायकोडर्मा ती वेळ अलीकडं आणतो. शिवाय तो मातीत फ्युजेरियमचं अन्न पळवतो, तिच्या धाग्यांना वेटोळं घालून खातो.

मग कोण विचारेल की झाडानं कायमच तयारीत राहावं की. तर ते फुकट नसतं. लिग्निन, फेनॉल, एन्झाइमं करायला साखर लागते, तीच साखर दाण्यात जायची असते. कायम लढाईच्या पवित्र्यात असलेली झाडं खुजी राहतात. म्हणून झाड गरज पडेपर्यंत हात आखडता घेतं, शहाणंच आहे ते.

ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून लागणीच्या आधी, मातीत ओल असताना द्या. झाडं सुकायला लागल्यावर आळवणी करून उपयोग नाही.

प्रश्न (करवीर) : नदीकाठच्या मळीत उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेलं पीक) आहे, जात ८६०३२. पुरात बरेच दिवस पाणी उभं होतं. आता कांड्या हलक्या लागतात, फोडल्या तर आत पोकळ. तांबेरा की मर?

उत्तर : तांबेरा पानावर येतो, तो नाही. तुम्हाला बहुतेक लाल कूज की मर असं विचारायचंय. ऊस उभा चिरा. आत लाल आणि त्या लालीत आडवे पांढरे ठिपके, आंबूस दारूसारखा वास, तर लाल कूज. मळकट तपकिरी-जांभळट, मध्ये होडीच्या आकाराची पोकळी आणि पांढरे ठिपके नाहीत, तर मर. तुम्ही सांगताय त्यावरून मर वाटते, पण चिरून बघितल्याशिवाय मी शपथ घेणार नाही.

पुराशी संबंध आहे. वर सांगितलेल्या सगळ्या संरक्षणाला ऊर्जा लागते आणि मुळीला ऊर्जा करायला प्राणवायू लागतो. पाणी साचलं की मातीतली हवा जाते, मुळी गुदमरते, सडते, आणि बुरशी आली तरी भिंत बांधायला तिच्यात ताकदच उरत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर ज्यांनी मळीतला ऊस बघितलाय त्यांना मुळ्यांची काय अवस्था होते हे वेगळं सांगायला नको. हुमणीनं कुरतडलेली मुळी, खोडकिडीनं पाडलेली भोकं हेही बुरशीला आयते दरवाजे. नुसत्या मरेवर उपाय करून हुमणी तशीच ठेवली तर काही हाती लागणार नाही.

हा खोडवा पुढं ठेवू नका आणि यातलं बेणं कुणालाही देऊ नका, पाहुण्यालाही नाही, उसाची मर कांडीतून जाते. एक पीक भाताचं किंवा ताग-धैंचाचं घ्या आणि नवी लागण करताना आपल्या ऊस व गूळ संशोधन केंद्राकडं, नाहीतर खात्रीच्या बेणेमळ्याकडं चौकशी करा.

प्रश्न (कॉलेजची विद्यार्थिनी, कोल्हापूर) : मॅडम, केळी जगातून संपणार असं रील बघितलं. खरंय?

उत्तर : रीलमध्ये सगळंच संपत असतं गं. पण मुळाशी खरी गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परदेशी व्यापारात ग्रो मिशेल नावाची केळी होती, तिला पनामा मर लागली (हीही फ्युजेरियमचीच) आणि १९५०-६० च्या दशकात बागाच्या बागा सोडून सगळ्यांनी कॅव्हेंडिश गटाची केळी धरली, कारण ग्रो मिशेलला मारणाऱ्या रेसला ती दाद देत नव्हती. आपल्याकडची ग्रँड नैन त्याच गटातली. आता टीआर ४ नावाची रेस कॅव्हेंडिशलाही मारते. आशियातून पसरत २०१९ मध्ये ती कोलंबियात सापडली, भारतातही बिहार-उत्तर प्रदेशात आली आहे. केळी कंदापासून किंवा टिश्यूकल्चरनं वाढवतात, म्हणजे लाखो झाडं जवळपास एकच झाड, एकाला जमलं नाही ते कुणालाच जमत नाही. पण रानटी केळीत टिकणारे जनुक आहेत, त्यातला एक घालून केलेल्या कॅव्हेंडिशला ऑस्ट्रेलियानं २०२४ मध्ये परवानगी दिलीय. आणि वेलची केळी, लाल केळी असले प्रकार वेगळेच. संपणार नाही. महाग होईल कदाचित.

प्रश्न (चंदगड) : आमची तांबडी माती. मिरचीला मर. चुना टाका म्हणतात, शिरोळचा पाव्हणा म्हणतो आमच्यात कोण टाकत नाही.

उत्तर : त्याच्यात नको, तुमच्यात चालेल. तुमच्याकडं पाऊस जास्त, तांबडी माती आम्लधर्मी असते, आणि फ्युजेरियमला आम्ल माती मानवते. सामू (पीएच) साडेसहा-सातच्या आसपास आला की तिला लोह, मँगनीज, जस्त सहज मिळत नाही आणि तिचा जोर कमी पडतो. शिरोळची जमीन आधीच खारवट, तिथं चुना म्हणजे दुखण्यात भर. माती तपासून, रिपोर्टप्रमाणेच टाका. अमोनियाच्या रूपातलं नत्र, म्हणजे अमोनियम सल्फेट वगैरे, कमी करून कॅल्शियम नायट्रेटकडं वळा, त्यानंही फरक पडतो. आणि मिरची गादीवाफ्यावर लावा, पाणी बुडाशी थांबलं तर फ्युजेरियमच्या आधी फायटोप्थोराच (ओल्या मातीत मूळ-बूड कुजवणारा दुसरा रोगजंतू) झाड नेईल.

प्रश्न (पन्हाळा) : यूट्यूबवर एक जण ॲस्पिरिनच्या गोळ्या पाण्यात विरघळून पिकाला देतो, मर जाते म्हणतो. घरात गोळ्या आहेत, देऊ का?

उत्तर : त्याला कुठून सुचलं ते सांगते. झाड स्वतः सॅलिसिलिक ॲसिड करतं, प्रतिकाराची खबर झाडभर पोचवण्यात त्याचा मोठा हात असतो, आणि ॲस्पिरिन त्याचाच भाऊबंद. १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये तंबाखूच्या पानाला ॲस्पिरिन दिल्यावर विषाणूचा प्रतिकार वाढला हे खरंच दाखवलं होतं. पण ते तंबाखूचं पान, विषाणू आणि लागणीच्या आधी दिलेला डोस. तुमचं झाड आधीच सुकलंय आणि नळ्या बुजल्यात. शिवाय डोस चुकला की पानं करपतात. गोळ्या ठेवा, औषधाचं बिल बघून डोकं दुखलं तर तुम्हालाच लागतील.